वाचक विचारतात : डिस्क झाडीत गेली, आता काय?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या किंवा मुलांकडे गेलेल्या वाचकांकडून डिस्क गोल्फविषयी बरेच प्रश्न आले. साखळ्या लावलेली लोखंडी टोपली आणि त्यात टाकायची साधारण 150 ते 180 ग्रॅमची चकती, एवढाच हा खेळ. 1975 मध्ये एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिलं कायमस्वरूपी मैदान आखलं. ही मैदानं बहुतेक ठिकाणी सार्वजनिक बागांच्या रानवट भागांत असतात, ओढ्याकाठी, तळ्याकाठी, दाट झाडीत. त्यामुळे तिथल्या प्राण्यांशी गाठ पडणारच. ती गाठ बहुधा पडते चकती फेकताना नव्हे, शोधताना. तेव्हा नजर चकतीवर असते आणि हातपाय कुठे पडताहेत याकडे लक्ष नसतं.

सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलो आहे. रोज संध्याकाळी नातवासोबत डिस्क गोल्फला जातो. परवा पाचोळ्यात डिस्क शोधताना तिच्यापासून वीतभर अंतरावर साप दिसला, रंग अगदी पाचोळ्याचा. विषारी असेल का? — शार्लट, नॉर्थ कॅरोलिना

न बघता खात्रीने सांगता येत नाही, पण त्या भागात असा साप दिसला तर पहिली शंका कॉपरहेडचीच घ्यावी. तिथला हा सर्वांत जास्त आढळणारा विषारी साप. डोकं तांबूस, अंगावर गडद तपकिरी पट्टे. हे पट्टे पाठीच्या कण्यावर अरुंद आणि दोन्ही कुशींवर रुंद, म्हणजे वरून पाहिलं तर डमरू ओळीने मांडल्यासारखे दिसतात. पिल्लाची शेपटी टोकाला पिवळट-हिरवी असते. आपल्या सह्याद्रीतल्या चापड्याच्या कुळातलाच हा साप आणि खोडही तीच: चाहूल लागली तरी पळत नाही, आपल्या रंगावर विसंबून निपचित पडून राहतो. बहुतेक दंश त्याच्यावर पाय पडल्याने किंवा हात टेकल्याने होतात. दंशाने मृत्यू अगदी क्वचित होतो, पण वेदना आणि सूज भरपूर असते.

हातात काठी ठेवा आणि पाचोळा आधी काठीने हलवा. आडवा ओंडका थेट ओलांडू नका. त्यावर पाय ठेवून पलीकडे बघा, मगच उतरा. चपला-सँडल नकोत, घोट्यापर्यंतचे बंद बूट हवेत. उन्हाळ्यात हा साप तिन्हीसांजेला आणि रात्री जास्त फिरतो, म्हणून अंधारायच्या आत परता किंवा विजेरी ठेवा.

चकतीचा रंग ही क्षुल्लक बाब वाटते, पण नातवाला मुद्दाम सांगा. तपकिरी आणि हिरवी चकती पाचोळ्यात हरवते, लालसुद्धा सावलीत काळी दिसते. गडद गुलाबी किंवा फिकट निळी घ्यावी. तो फेकत असताना तुम्ही फेकीच्या रेषेबाहेर, पुढे बाजूला उभे राहा आणि चकती कोणत्या झाडापाशी पडली ते हेरून ठेवा. मग अख्खी झाडी पालथी घालावी लागत नाही.

साप दिसला की दोन मीटर मागे या. कॉपरहेड साधारण 60 ते 90 सेंटिमीटर लांब असतो आणि त्याची झेप अंगाच्या निम्म्या लांबीच्या आसपास असते, त्यामुळे तेवढं अंतर पुरेसं आहे. तो जाईपर्यंत थांबा, नाहीतर चकती सोडून द्या. मारायला जाऊ नका, कित्येक दंश त्याच खटपटीत होतात. दंश झालाच तर 911 या तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा, अंगठी-घड्याळ-कडं लगेच काढा, हात किंवा पाय हलवू नका. आवळून बांधणं, चिरा देणं, तोंडाने ओढणं, बर्फ लावणं यातलं काहीही करू नका. साप पकडून दवाखान्यात न्यायचीही गरज नाही. कॉपरहेड, कॉटनमाउथ आणि रॅटलस्नेक या तिन्ही विषारी सापांवर तिथे एकच प्रतिविष चालतं. विषबाधा सल्ला केंद्राचा 1-800-222-1222 हा क्रमांक फोनमध्ये भरून ठेवा.

खेळून आल्यावर मुलीच्या गुडघ्यामागे गोचीड चिकटलेली सापडली. सासूबाई म्हणाल्या, रॉकेल लावा. लावावं का? — एडिसन, न्यू जर्सी

नाही. रॉकेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश, पेटती काडी यांनी गोचीड चिडते आणि तिच्या पोटातलं जखमेत उतरण्याची भीती असते. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून तिचं तोंड पकडा आणि न पिळता, सावकाश, सरळ वर ओढा. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर उकरू नका. जागा साबणाने धुवा. गोचीड चिकटपट्टीत बंद करून त्यावर तारीख लिहा.

तुमच्याकडे धास्ती आहे ती लाइम रोगाची. काळ्या पायांची गोचीड तो पसरवते, आणि सहसा 24 तासांपेक्षा जास्त चिकटून राहिली तरच. म्हणून त्याच संध्याकाळी अंग तपासण्याला महत्त्व: गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, बेंबीत, कानामागे, केसांत. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात, नुसत्या नजरेने तीळ समजून सुटतात. बोटं फिरवून पाहा. किती वेळ चिकटली होती हे कळत नसेल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारा, कारण प्रतिबंधक औषधाचा एक डोस त्याच मुदतीत देतात. पुढचे 30 दिवस ताप किंवा पसरत जाणारा लाल चट्टा दिसतो का ते बघा.

पुढच्या वेळी मोजे पँटवर ओढा. बूट, मोजे आणि पँटवर 0.5 टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी फवारून पूर्ण वाळू द्या. ते अंगाला लावायचं नाही, आणि ओलं असताना घरातल्या मांजरापासून लांब ठेवायचं; तिला ते घातक आहे. अंगाला लावायला कीटक दूर ठेवणारं 20 टक्के पिकारिडिन बरं. तशाच कामाचं डीटही चालतं, पण ते काही प्रकारचं प्लास्टिक खातं. तळहात पुसूनच चकती धरा. घरी आल्यावर कोरडे कपडे ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर 10 मिनिटं फिरवा, गोचीड मरते. आधी धुतले तर ती पाण्यातून जिवंत निघू शकते.

आमच्या मैदानाला तळं लागून आहे. गुडघाभर पाण्यात डिस्क दिसते. उतरून काढली तर? — टँपा, फ्लोरिडा

उतरू नका. 2022 मध्ये तुमच्या जवळच लार्गोच्या टेलर पार्कमध्ये तळ्यात चकत्या शोधणारा एक माणूस ॲलिगेटरच्या, म्हणजे मगरीसारख्या प्राण्याच्या, हल्ल्यात मरण पावला. फ्लोरिडातल्या कोणत्याही गोड्या पाण्यात ॲलिगेटर असू शकतो असंच धरून चालावं. पाणी गढूळ असेल तर हातभरावरचाही दिसत नाही. तिन्हीसांज ते पहाट या वेळेत ते जास्त हिंडतात. काठावर वाकून लांब दांड्याने चकती ओढणंही आम्हाला मान्य नाही, कारण पाण्याच्या कडेशी वाकलेला माणूस त्याच्या टप्प्यात असतो. चकतीच्या पोटाला मार्करने नाव आणि फोन लिहून ठेवा, वाहून काठाला लागली तर कुणीतरी कळवेल. आणि तळ्यावर कुणी पाव टाकत असेल तर थांबवा. ॲलिगेटरला खाऊ घालणं तिथे कायद्याने गुन्हा आहे. खायला मिळालं की त्याची माणसाबद्दलची भीती जाते.

स्पर्धेत डिस्क गांधीलमाश्यांच्या पोळ्याशेजारी पडली. तिथूनच फेकावी लागते का? दंड बसतो का? — ऑस्टिन, टेक्सास

दंड नाही. अपायकारक कीटक किंवा प्राणी हा नियमात सूट मिळणारा अडथळा आहे. टोपली आणि चकती यांना जोडणाऱ्या रेषेवर, टोपलीपासून आणखी मागे, जिथे अडथळा संपतो त्या सर्वांत जवळच्या जागी खूण करून फेका. सोबत खेळणाऱ्या गटातल्यांना आधी सांगा. हंस अंड्यांवर बसली असेल तर तोच नियम. कॅनडा हंसाच्या घरट्याला हात लावणं 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली येतं. उडती चकती प्राण्याला लागली तर ती जिथे थांबते तिथूनच पुढचा खेळ. थांबलेली चकती कुत्र्याने उचलून नेली तर ती मूळ जागेच्या अंदाजाने परत ठेवा. हरवली तर शोधायला फक्त 3 मिनिटं, मग दंड म्हणून एक फेक जादा मोजायची आणि आधीच्या जागेवरून पुन्हा फेकायचं.

टोपलीतही बघत जा. साखळ्या ज्या वरच्या पट्टीला टांगलेल्या असतात, तिच्या आतल्या बाजूला पावसापासून आडोसा मिळतो आणि कागदी पोळं करणाऱ्या गांधीलमाश्या नेमकी तीच जागा धरतात. चकती काढायला हात घालण्याआधी खाली वाकून वर नजर टाका. पोळं दिसलं तर संयोजकांना कळवा आणि चकती काठीने बाहेर ढकला.