पर्सनल ब्रँड दाखवणारा साधा व्हिडिओ गेम कसा बनवू? कोणतं टूल घेऊ आणि गेममध्ये माझ्याबद्दल काय काय दाखवू?

टूलचं नंतर बघू. आधी प्रश्नातलं ते ‘काय काय दाखवू’ काढून टाका. माझे आठ महिने त्यातच गेले.

मी अक्षरं काढते. दुकानांची नावं, लोणच्या-मसाल्यांची लेबलं, मुखपृष्ठं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, मिरजेत बोर्ड पेंटर. फ्लेक्स आले तशी त्यांची कामं आटली, पण हात अजून तसाच आहे. २०२१ मध्ये माझी नोकरी सोडायची तयारी चालली होती. स्वतःच्या नावावर कामं यावीत म्हणून गेम करायचा ठरवला. ऑफिसातल्या एका सरांना विचारलं. ते म्हणाले, “ब्रँड म्हणजे तू. स्क्रीनवर सतत तू दिसली पाहिजेस.” मला पटलं. मग कुरळ्या केसांची, खांद्याला झोळी लावलेली एक मुलगी धावतेय, उड्या मारतेय, नाणी गोळा करतेय, नाण्यांवर सॉफ्टवेअरची नावं, आणि शेवटचं दार उघडलं की माझा फोन नंबर. असले गेम तुम्हीही पाहिले असतील.

दिवाळीला घरी गेले तेव्हा लॅपटॉप अण्णांसमोर ठेवला. मुलगी धावायला लागली. अण्णांचं तिच्याकडे लक्षच नाही. मागे रस्ता दिसावा म्हणून मी दोन-चार दुकानं टाकली होती. त्यातल्या एका पाटीवर बोट ठेवून ते म्हणाले, “अगं, क ची वेलांटी र ला कशी लागली?”

‘किराणा माल’ लिहिलं होतं आणि दिसत होतं काहीतरी भलतंच. कारण साधं आहे. युनिकोडमध्ये आधी क साठवला जातो, मग पहिली वेलांटी. ती उचलून क च्या अलीकडे नेऊन ठेवायचं काम अक्षरजुळणीच्या यंत्रणेचं. मी गोडो हे गेम बनवायचं फुकट टूल वापरत होते आणि त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत ती यंत्रणाच नव्हती. वेलांटी क च्या पुढे, म्हणजे थेट रा च्या डोक्यावर. जोडाक्षरांचे पाय मोडलेले. हे मला आधी दिसलं नव्हतं असं नाही. मागची पाटी कोण वाचतंय, असं म्हणून मी सोडून दिलं होतं. अक्षरं काढून पोट भरणारी मी, बोर्ड पेंटरची मुलगी, आणि स्वतःची ओळख करून देणाऱ्या गेममध्ये वेलांटी चुकलेली. अण्णा रागावले नाहीत. उठून चहा टाकायला गेले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

तो गेम मी पुसून टाकला.

दुसरा गेम त्याच घरात सुरू झाला. अण्णांनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर चार दुकानांची नावं ब्रशने लिहून दिली, मी फोटो काढून ते गेममध्ये घातले. मजकूरच चित्र झाल्यावर जुळणीचा प्रश्न उरत नाही. गेममध्ये करायचं एवढंच: अक्षरं लिहून झालेली आहेत, तुम्ही शिरोरेघ ओढायची. बोट दाबून धरलं की रेघ पुढे सरकते, मध्येच उचललं तर तिथे सांधा पडतो आणि तो शेवटपर्यंत दिसतो. अण्णा शिरोरेघ एका दमात ओढतात, बोलत नाहीत, श्वाससुद्धा धरून ठेवतात. चार पाट्या, तीन मिनिटं. मी कुठेच नाही.

सरांना पाठवला. उत्तर आलं, “यात तू कुठेयस? हे ब्रँडिंग नाही.” मी तेव्हा गप्प बसले. आता सांगते, सर चुकले होते. गेममध्ये ओळख चेहऱ्यात नसते, खेळणाऱ्याच्या हाताला तुम्ही काय करायला लावता त्यात असते. जेसन रोररचा २००७ मधला ‘पॅसेज’ घ्या. पाच मिनिटांचा, एका अरुंद पट्टीएवढा गेम. त्यात जवळजवळ फक्त चालायचं असतं, आणि तेवढ्यात आयुष्य, जोडीदार, म्हातारपण सगळं येतं. ब्रूनो सिमोनने २०१९ मध्ये आपला पोर्टफोलिओ म्हणून एक छोटी गाडी चालवायला दिली. ती त्याला शोभते, कारण ब्राउझरमध्ये थ्रीडी करणं हेच त्याचं काम आणि गाडीच्या प्रत्येक धक्क्यात ते जाणवतं. त्याची नक्कल करून अकाउंटंटनेही गाडी फिरवली तर त्यातून काय कळणार?

म्हणून कागदावर एकच क्रियापद लिहा. तुम्ही दिवसभर खरोखर काय करता? जुळवता, निवडता, थांबता, दुरुस्त करता, समजूत काढता? त्याचा गेम करा. शिंप्याने उसवण्याचा करावा, संपादकाने खोडण्याचा.

आता टूल. नुसतं फिरायचं आणि बोलायचं असेल तर बिट्सी. आठ बाय आठ ठिपक्यांची चित्रं, मोजके रंग, कोड जवळजवळ नाही, दोन संध्याकाळींत गेम उभा राहतो. गोष्ट सांगायची असेल तर ट्वाइन. माझ्यासारखं ‘दाबून धरा’ वगैरे हवं असेल तर गोडो. मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत देवनागरी नीट जुळते, त्यामुळे माझ्यासारखी चित्रं चिकटवायची वेळ तुमच्यावर येणार नाही. फॉन्ट मात्र मराठीची अक्षरं नीट असलेला घ्या, ‘मुक्त’ चांगला आहे आणि फुकट आहे. तयार गेम इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या साइटवर चढवता येतो.

एक राहिलं. सरांचं अर्धं म्हणणं मी नंतर मान्य केलं. पहिल्या पडद्यावर आता माझं नाव आहे आणि ‘गेम नको, थेट कामं बघा’ असं बटण आहे, कारण नोकरीच्या ढीगभर अर्जांतून जाणाऱ्या माणसाकडे तीन मिनिटं नसतात. नोकरीच हवी असेल तर साधा पीडीएफ आधी करा, गेम नंतर. माझ्याकडे गेममुळे आलेली कामं दोनच. त्यातलं पहिलं एका मसालेवाल्या ताईंचं. त्यांनी लिहिलं होतं, “तिसऱ्या पाटीवर माझं बोट सुटलं, सांधा दिसायला लागला, मला झोप येईना, सकाळी परत खेळले.” त्यांच्या नऊ मसाल्यांची लेबलं मी केली.

आणि गेम फोनवर खेळून बघा. माझा पहिला गेम सरांनी फोनवर उघडला होता. त्यात बाणांच्या कळांशिवाय काहीच चालत नव्हतं, ती मुलगी जागच्या जागी उभी राहिली. ब्राउझर पहिला स्पर्श होईपर्यंत आवाज सुरू करत नाहीत, त्यामुळे सुरुवातीलाच महत्त्वाचं काही आवाजातून सांगू नका. पाट्या-बिट्या टाकणार असाल तर त्या मोठ्या करून एकदा वाचा. मागच्यासुद्धा.