सही करण्याआधी दोन रात्री

प्रश्न : माझं वय ७३. शाळेत गणित शिकवलं, घरचे सगळे व्यवहारही मीच पाहिले. गेल्या आठवड्यात ठेवीची मुदत संपली म्हणून बँकेत गेले. तिथल्या मुलानं खुर्ची दिली, चहा मागवला, ‘माझ्या आईलाही हेच घेऊन दिलंय’ म्हणाला. नवी ठेव समजून मी सह्या केल्या. घरी आल्यावर कळलं, ती दरवर्षी हप्ता भरायची विमा पॉलिसी आहे. मुलगा म्हणतो, ‘आई, आता चेकबुक माझ्याकडे दे.’ माझी बुद्धी खरंच चालेनाशी झाली का?
– निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, आधी पैशाचं बोलू, कारण त्याला मुदत आहे. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. थोडी वजावट होते, बाकी रक्कम मिळते. ‘ठेव म्हणून सांगितली होती’ असं स्पष्ट लिहून विमा कंपनीला अर्ज द्या आणि पोच घ्या. उद्यावर टाकू नका.

आता बुद्धीचं. एम.ए.च्या वर्गाला मी २८ वर्षं निर्णयप्रक्रिया शिकवली. वार्धक्याचा भाग आला की गृहपाठ ठरलेला : घरातल्या सत्तरीपुढच्या माणसाबरोबर बाजारात जा, मध्ये तोंड घालू नका, ते कसं ठरवतात तेवढं टिपून आणा. एका मुलीची वही मला अजून आठवते. तिच्या आजीनं चार दुकानं हिंडून, दाणा दाताखाली धरून तूरडाळ घेतली. चारही भाव तोंडपाठ. तीच आजी मोबाइलच्या दुकानात गेली. तिथल्या माणसानं रिचार्जचे पर्याय भराभर वाचून दाखवले, तेव्हा ‘तूच सांग बाळा’ म्हणाली. एकच बाई, एकच सकाळ.

मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन भाग सांगितले ते इथे उपयोगी पडतात. नव्या गोष्टीचा झटपट छडा लावणारी बुद्धी तरुणपणापासूनच हळूहळू उतरते. अनुभवानं साठलेली मात्र पुढे कितीतरी वर्षं टिकते. पैशाच्या व्यवहारात दोन्ही लागतात. अर्थशास्त्रज्ञ सुमित अगरवाल, डेव्हिड लेबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अमेरिकेतले कर्जाचे आणि क्रेडिट कार्डाचे व्यवहार तपासले. सर्वांत कमी चुका वयाच्या ५३व्या वर्षाच्या आसपास दिसल्या. म्हणजे म्हाताऱ्यांच्या जास्त होत्या, तशा तरुणांच्याही. हे चिरंजीवांना वाचून दाखवा.

पण त्या चहाकडे दुर्लक्ष करू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी दाखवलंय की पुढचा काळ थोडा उरलाय असं वाटू लागलं, की मन समाधान देणाऱ्या गोष्टींकडे ओढ घेतं. ती देणगीच आहे. उतारवयात माणसं कमी चिडतात, ती त्यामुळेही. व्यवहारात तीच नडते. डॉक्टर किंवा आरोग्य योजना निवडायला सांगितली, तेव्हा ज्येष्ठांनी तरुणांपेक्षा चांगल्या बाजू जास्त वाचल्या. मानसशास्त्रज्ञ शेली टेलर यांच्या गटाच्या २०१२च्या अभ्यासात अविश्वासू वाटावेत असे चेहरेही ज्येष्ठांना तरुणांपेक्षा अधिक विश्वासाचे वाटले. तुमची खूण त्या मुलाच्या हसऱ्या चेहऱ्यावर पटली, कागदावर नाही.

डॉक्टर आणि आरोग्य योजनेचा तो प्रयोग कोरिना लोकेनहॉफ आणि कार्स्टेन्सन यांचा. माझा सगळ्यात जास्त जीव आहे तो त्याच्याच पुढच्या भागावर. माहितीकडे लक्ष द्या, एवढंच आधी बजावलं, आणि तरुण-ज्येष्ठांमधला तो फरक नाहीसा झाला! तेव्हा बाई, तुम्ही स्वतःला बजावा. बँकेत बसून सही करायची नाही. कागद घरी आणायचे, तोट्याच्या बाजू आधी लिहायच्या, दोन रात्री जाऊ द्यायच्या. थांबायला नकार देणाऱ्याला तिथेच नमस्कार.

मुलाला माझा निरोप : चेकबुक आईकडेच राहू द्या. कागद वाचताना तिच्या शेजारी बसा, आणि वाचू द्या तिलाच. मात्र रोजचे हिशेब नव्यानं आणि वारंवार चुकू लागले, भरलेलं बिल पुन्हा भरलं जाऊ लागलं, तर लवकर डॉक्टरांना दाखवा. स्मृतिभ्रंशाची सुरुवात कधी कधी पैशाच्या व्यवहारातच आधी दिसते. एका फसवणुकीवरून तसा निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे. चष्म्याच्या दुकानात पन्नास फ्रेम पाहून, काहीच न घेता उठून आले. असा हट्टीपणा वयामुळे येतो का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : हा हट्ट मुळीच नाही. अँड्र्यू रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वेगवेगळ्या निवडींसाठी किती पर्याय हवेत असं विचारलं, तेव्हा ज्येष्ठांना तरुणांपेक्षा बरेच कमी पर्याय हवे होते. तुम्ही आधी एकटे जा, वजनाला हलक्या चार फ्रेम बाजूला काढून ठेवायला सांगा. मग त्यांना सकाळी न्या, दुकानात गर्दी नसताना. चारांतली कुठली, ते त्यांना ठरवू द्या.