वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारीवरील सोनेरी पट्ट्या

प्रश्न : माझ्याकडील जुन्या मोटारीच्या दोन्ही बाजूंना सोनेरी पट्ट्या आहेत आणि बॉनेटवर सोनेरी चिन्ह आहे. पट्ट्यांचा रंग काही ठिकाणी फिका पडला आहे, तर चिन्हावर काळे ठिपके उमटले आहेत. धातूच्या पॉलिशने हे सारे पुन्हा उजळेल, असे एकाने सुचवले आहे. तसे करावे का? – एक वाचक

उत्तर : कृपया करू नका. पॉलिशने धातू उजळतो तो वरचा थर खरवडला जातो म्हणून. आणि तुमच्या गाडीवर सोनेरी आहे तो नेमका तेवढाच थर आहे. तेव्हा आधी हा सोनेरीपणा कशाचा आहे, ते ओळखायला हवे. हलकी पट्टी बहुधा ॲनोडाइझ केलेल्या, म्हणजे विजेच्या साहाय्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर तयार केलेल्या, ॲल्युमिनियमची असते. १९५६च्या प्लिमथ फ्युरी या अमेरिकन मोटारीच्या बाजूची सोनेरी पट्टी अशीच होती. जड चिन्ह बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असते आणि त्यावर सोन्याचा मुलामा किंवा क्रोमवर सोनेरी छटेचे लॅकर (वार्निशसारखा पारदर्शक लेप) दिलेले असते. मल्टिमीटरची (वीज वाहते का ते तपासण्याच्या उपकरणाची) टोके पृष्ठभागावर न टोचता अलगद टेकवून पाहा. वीज वाहिली तर वर धातूचा मुलामा आहे, न वाहिल्यास ॲनोडायझिंग किंवा लॅकर आहे, असे समजावे. या दोहोंतला फरक मागच्या, न दिसणाऱ्या कडेवर थिनरचा बोळा फिरवला की कळतो, कारण लॅकर मऊ पडते आणि ॲनोडायझिंगला काही होत नाही.

ॲनोडायझिंगमध्ये ॲल्युमिनियमच्याच पृष्ठभागाचे विजेच्या साहाय्याने ऑक्साइडमध्ये रूपांतर होते, त्या ऑक्साइडच्या सूक्ष्म छिद्रांत रंग मुरवला जातो आणि शेवटी ती छिद्रे गरम पाण्यात बंद केली जातात. म्हणूनच उन्हाने उडालेला रंग वरून भरता येत नाही. पट्टी उतरवून जुना थर रसायनाने काढणे, पोचे सरळ करणे, धातू घासून चकचकीत करणे आणि मग पुन्हा ॲनोडाइझ करणे, हाच खरा उपाय आहे. रंग निवडण्याची मुभा असल्यास फेरिक अमोनियम ऑक्झलेटची सोनेरी छटा मागावी, कारण ती उन्हात पुष्कळ टिकते. एकच पट्टी फिकी असली तरी सगळ्या पट्ट्या एकाच वेळी द्याव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. वेगवेगळ्या घाण्यांतल्या छटा क्वचितच जुळतात आणि तो फरक गाडीच्या अंगावर दुरूनही दिसतो. तोवर त्या केवळ सौम्य साबणाच्या पाण्याने धुवाव्यात. कॉस्टिक सोडा असलेला कोणताही क्लीनर मात्र लावू नये, कारण तो हा थर खाऊन टाकतो.

चिन्हावरचे काळे ठिपके सोन्याचे नव्हेत, कारण सोने काळवंडत नाही. सजावटीचा मुलामा बहुधा एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) पातळ असतो आणि त्याच्या छिद्रांतून ओल आत शिरून खालचा धातू गंजतो. तेथे जुने थर उतरवून, खड्डे कोरून स्वच्छ करून, तांब्याने भरून, घासून, निकेल चढवून मगच सोने द्यावे लागते. जस्तावर आम्ल आणि अल्कली दोन्ही परिणाम करत असल्याने हे काम ओतीव जस्ताचा अनुभव असलेल्या कारागिराकडेच सोपवावे. क्रोम न उतरवता थेट त्यावर सोने चढवण्याची तयारी कोणी दाखवली तर सावध राहावे. क्रोमवरच्या ऑक्साइडच्या थरामुळे सोन्याची पकड बसणे अवघड असते. घरी मुलामा देण्याच्या संचांत सायनाइड असू शकते आणि त्याचा आम्लाशी संपर्क आला तर प्राणघातक वायू निघतो, म्हणून तो प्रयोग टाळावा. चिन्हावर केवळ लॅकर असेल, तर काम सोपे आहे : ते उतरवल्यावर खालचे क्रोम चांगले निघाल्यास त्यावर सोनेरी छटेचे पारदर्शक लॅकर फवारून घेता येते.

पट्ट्या उतरवताना मागच्या क्लिपांची छायाचित्रे काढून प्रत्येक पट्टीला क्रमांक द्या. चिन्हाचे मागचे खुंट ठिसूळ असतात, म्हणून गंजलेल्या नटांना आदल्या रात्रीच तेल सोडून ठेवा. परत बसवताना पोलादी क्लिप थेट ॲल्युमिनियमला टेकू देऊ नका. दोन धातूंच्या मध्ये ओल राहिली की तेथूनच पुन्हा गंज सुरू होतो, म्हणून नायलॉनची क्लिप वापरावी किंवा मध्ये ग्रीसचा थर ठेवावा.