पणजोबांचं नाव बसऱ्याच्या खांबावर असेल का?

प्रश्न : आमचे पणजोबा पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला' गेले ते परत आलेच नाहीत. आजी सांगायची, तिकडं सगळ्यांना एकाच जागी मूठमाती दिली आन् वर मोठा खांब उभारला. देव्हाऱ्यात त्यांचं चांदीचं मेडल आहे. खांबावर त्यांचं नाव असेल का?
– एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : आजीच्या बोलण्यात दोन जागा एक झाल्यात. खांब आहे तो बसऱ्याच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या बसरा शहराच्या, स्मारकाचा, १६ मीटर उंच, आणि त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या भारतीय दगडाची ८० मीटर लांब ओसरी. १९२९ मध्ये उद्घाटन झालं, १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमावरून ते उचलून नासिरियाच्या रस्त्याला ३२ किलोमीटर लांब नेलं. ज्यांची कबर माहीतच नाही अशा ४०,५०० वर जवानांचं ते स्मारक. आणि एकत्र मूठमातीचं म्हणाल तर ती इराकमधल्याच अमारा गावच्या दफनभूमीची असू शकेल, तिथं आपल्या सुमारे ५,००० लोकांना पुरलंय आणि ओळख पटलीय फक्त ९ जणांची, कारण कुणाला कुठं पुरलं ह्याची नीट नोंदच ठेवली नाही. मराठा पलटणी १०३, ११० आणि ११७ इराकमधल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होत्या, १९१६ च्या एप्रिलात तिथं शरणागती झाली, कितीतरी जण कैदेतच मरण पावले, पणजोबा त्यांतलेही असू शकतील.

आता नावाचं. सांगताना जीव तुटतो, पण खांबाशेजारच्या भिंतींवर नावं कोरली ती अधिकाऱ्यांची, आपल्या साध्या शिपायांचा पलटणीनुसार नुसता आकडा! ह्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबरी आयोगानं (CWGC) २०२१ मध्ये ह्या भेदभावाची जाहीर माफी मागितली.

पण नाव पुसलं गेलेलं नाही, आयोगाच्या वेबसाइटवर ते शोधता येतं. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुकासुद्धा असतो. मात्र जिल्हा म्हणून 'सांगली' टाकू नका, तेव्हा वाळवा, तासगाव सगळं सातारा जिल्ह्यातच होतं, दक्षिण सातारा १९४९ ला वेगळा झाला आणि सांगली हे नाव १९६० ला मिळालं. स्पेलिंगही कारकुनानं कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं, त्यामुळं चार-पाच प्रकारे टाकून बघा.

त्याआधी मेडल उजेडात धरून त्याची कड बघा, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथंच बारीक अक्षरात ठोकलेली असते. नंबर मिळाला की निम्मं काम झालं. दिवाळीला रांगोळीनं नाहीतर राखेनं घासत असाल तर आधी ते थांबवा, अक्षरं झिजून जातात.