काळ्या चिकण मातीत परसबागेचे वाफे

प्रश्न : आमच्या घरामागे 12 फूट बाय 10 फूट मोकळी जागा आहे. माती काळी आणि चिकट आहे. गेल्या पावसाळ्यात सपाट वाफ्यांत मेथी, पालक व कोथिंबीर पेरली होती. परंतु पाणी साचून मेथी खालच्या पानांपासून पिवळी पडत गेली आणि पालक मुळाशी कुजला. यंदा रासायनिक खत न वापरता भाज्या, तसेच तुळस, पुदिना, गवती चहा लावण्याचा विचार आहे. मातीत वाळू मिसळावी, असे शेजारी सुचवतात. ओळखीच्या गोठ्यातून ताजे शेणही मिळते. मे महिन्यात सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, परभणी

उत्तर : आपली माती कसदार आहे, उणीव आहे ती मुळांना मिळणाऱ्या हवेची. काळ्या मातीतील चिकणकण पाणी शोषून फुगतात, त्यामुळे मातीतील पोकळ्या मिटतात आणि पाणी खाली उतरत नाही. अशा स्थितीत मुळे गुदमरतात व मेथी पिवळी पडते. हे अन्नद्रव्यांच्या कमतरतेचे लक्षण समजून खते वाढवण्याची चूक अनेकजण करतात. वाळूचा सल्लाही मानू नये. थोडी वाळू चिकणमातीत मिसळली, तर ती सुकल्यावर अधिकच घट्ट होते, आणि पोत खरोखर बदलण्याइतकी वाळू आणणे घरगुती बागेला परवडणारे नाही.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे गादीवाफे. 12 फुटांच्या बाजूवर प्रत्येकी 3 फूट रुंदीचे तीन वाफे आखावेत आणि त्यांच्यामध्ये दीड-दीड फुटाच्या दोन वाटा ठेवाव्यात. या वाटा अर्धा फूट खोल खणून निघालेली माती वाफ्यांवर पसरली, की वाफे वाटेपेक्षा सुमारे 8 इंच उंच होतात आणि बाहेरून माती आणावी लागत नाही. वाटांना एका बाजूला हलका उतार देऊन पाणी बाहेर काढणे मात्र विसरू नये, नाहीतर त्याच वाटांची डबकी होतील. 3 फूट रुंदीमुळे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो, आणि वाफ्यावर पाय देण्याची वेळ येत नाही. एकदा तुडवलेली काळी माती पुन्हा भुसभुशीत व्हायला फार काळ लागतो.

खणण्यासाठी वाफसा, म्हणजे माती फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही अशी स्थिती, पाहावा. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि कंबरेच्या उंचीवरून सोडावा; तो फुटून विखुरला तर खणावे, चपटा होऊन तसाच राहिला तर थांबावे. ओल्या मातीत कुदळ चालवली, तर तिची विटेसारखी ढेकळे होतात. मे महिन्यात जमीन टणक असल्यास आधी पाणी द्यावे, वाफसा आला की खणावे आणि ढेकळे पंधरवडाभर उन्हात तापू द्यावीत.

ताजे शेण वाफ्यात घालू नये. ते कुजताना उष्णता निर्माण होते, त्यातून तणाचे बी येते, आणि त्यात हुमणी (मुळे खाणारी अळी) वाढण्याचाही धोका असतो. शिवाय कोथिंबीर-पुदिन्यासारखी पाने आपण कच्ची खातो. शेणाचा वाळक्या पालापाचोळ्याबरोबर थरांनी सावलीत ढीग लावावा, तो ओलसर ठेवावा व दर पंधरा-वीस दिवसांनी उलथावा. चार-पाच महिन्यांनी त्याचा वास जाऊन ते काळसर, भुगाभुगा होईल. म्हणजे ते रब्बीच्या पेरणीला उपयोगी पडेल.

म्हणूनच माझा आग्रह आहे की, या पावसाळ्यात भाजीची घाई करू नये. घरापासून लांबच्या दोन वाफ्यांत पहिल्या चांगल्या पावसानंतर ताग पेरावा, साधारण 45 दिवसांनी फुलण्यापूर्वीच कापून, बारीक तुकडे करून मातीत मिसळावा आणि तीन-चार आठवडे कुजू द्यावा. तागाची खोल मुळे काळी माती जशी मोकळी करतात, तशी ती विकतच्या खताने होत नाही. तिसऱ्या वाफ्यात मात्र विकत आणलेले गांडूळखत घालून जूनमध्येच भेंडी किंवा गवार लावावी, म्हणजे घरात भाजीही येत राहील.

ऑक्टोबरमध्ये आपले कुजलेले खत प्रत्येक वाफ्याला अंदाजे 15 किलो आणि निंबोळी पेंड 300 ग्रॅम या प्रमाणात वरच्या अर्ध्या फुटात मिसळून मेथी व पालक पेरावा. कोथिंबिरीसाठी धने रगडून दोन दले वेगळी करावीत; अख्खे धने पेरण्यापेक्षा हेच बरे. भाजी उगवून चार बोटे वाढली, की ओळींमध्ये वाळका पाला पसरावा. उघडी काळी माती हिवाळ्यातही भेगाळते आणि भेगांत कोवळी मुळे तुटतात.

तुळस व गवती चहा वाफ्याच्या टोकांना लावावेत. गवती चहाचा गड्डा पसरतो, म्हणून त्याला दोन फूट मोकळी जागा द्यावी. पुदिन्याची धावती खोडे वर्षभरात सगळा वाफा व्यापतात, त्यामुळे तो मोठ्या कुंडीतच ठेवावा.

आपल्याकडे कृषी विद्यापीठ आहे, तेव्हा खत घालण्यापूर्वी माती तपासून घ्यावी. जागेत चार-पाच ठिकाणी अर्धा फूट खोल खड्डे घेऊन, त्यांच्या कडेची माती तासून एकत्र करावी व त्यातील अर्धा किलो माती सावलीत सुकवून द्यावी. सामू (मातीची आम्लता किंवा विम्लता दाखवणारा आकडा, पीएच) किती आहे आणि चुनखडी किती आहे, हे विशेषकरून विचारावे. चुनखडी जास्त असेल तर लोह मुळांना मिळत नाही. त्या वेळी नवी, वरची पाने पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. आपल्या मेथीत पिवळेपणा खालून सुरू झाला होता, तेव्हा गेल्या वर्षी तरी दोष साचलेल्या पाण्याचाच होता.