विमा लेकीच्या नावावर, कर्ज बापाच्या

जिंतूर तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४४. कृषी सेवा केंद्र आहे, बियाणं-खत-औषधांचं. महिन्याला सरासरी ४५ हजार सुटतात. प्राप्तिकराचं विवरणपत्र ४ लाख ८० हजारांचं. मुलगी अकरावीला, मुलगा सातवीला. मुलीला न्यायाधीश व्हायचंय. त्यासाठी येत्या डिसेंबरात तिला ‘क्लॅट’, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, द्यायचीय, म्हणून एप्रिलपासून पुण्याला क्लास लावायचाय. फी १ लाख ४० हजार. प्रश्न एवढाच : पत्नीच्या नावावरची ३ लाखांची एफडी मोडू, की तिच्या दागिन्यांवर कर्ज काढू?

पुढे ते लिहितात, ‘बाकी काळजी नाही. मुलीच्या शिक्षणाची पॉलिसी २०१७ पासून चालू आहे, वर्षाला ६० हजार भरतो. मी नसलो तरी ती चालू राहते. शिवाय राष्ट्रीय विधी विद्यापीठ सरकारी असल्याने फी नाममात्रच असणार.’

सोबत पॉलिसीच्या बाँडचे चार फोटो पाठवलेत. ते पाठवलेत हे फार बरं केलंत.

आधी तुमचा प्रश्न संपवतो. पुण्याचा खर्च १ लाख ४० हजार नाही. वसतिगृह आणि मेस मिळून महिन्याला १२ हजार धरा, नऊ महिन्यांचे १ लाख ८ हजार झाले. म्हणजे अडीच लाख. वहिनींचे दागिने कपाटातच राहू द्या. एफडी मात्र मोडा, आणि ती क्लाससाठी मोडू नका. त्याचं कारण पुढे येईलच.

आता तो तिसरा फोटो. काढताना अंगठ्याची सावली पडलीय, पण ओळ वाचता येते. ‘विमित व्यक्ती’ या रकान्यात तुमच्या मुलीचं नाव आहे. तुमचं नाव त्याच्या खाली, ‘प्रस्तावक’ म्हणून. प्रस्तावक म्हणजे फॉर्म आणि चेकवर सही करणारा माणूस. त्याच्या जिवाचा विमा यात नसतो. त्याच पानावर तळाशी ‘प्रीमियम वेव्हर बेनिफिट’ असं छापलंय आणि त्यासमोर ‘घेतलेला नाही’. तुम्ही गेलात तर पुढचे हप्ते माफ करणारी सोय ती हीच. वर्षाला दोन-अडीच हजार जास्त पडले असते. एजंटाने हप्ता कमी दिसावा म्हणून गाळली असेल किंवा विचारलंच नसेल. तुम्हाला तोंडी सांगितलं मात्र ‘तुम्ही नसलात तरी चालू राहते’ असं.

म्हणजे उद्या तुमचं काही झालं तर ही कंपनी तुमच्या घराला एक रुपया देणार नाही. उलट वहिनींकडे वर्षाला ६० हजार मागेल, आणि ते भरता आले नाहीत तर पॉलिसी पेड-अप होऊन, म्हणजे हप्ते थांबून घटलेल्या रकमेवर, पडून राहील. घरात कमावणारे एकटे तुम्ही. विमा कोणाचा काढलाय? जिच्या कमाईवर घरातलं कोणीच अवलंबून नाही, त्या सोळा वर्षांच्या लेकराचा.

मुदत बघा. मार्च २०३७. मुलगी तेव्हा २७-२८ वर्षांची असेल. तिची कायद्याची पदवी ठरल्या वेळेत झाली तर २०३२ मध्ये होते. शिक्षण संपल्यावर पाच वर्षांनी पैसे देणारी ही ‘शिक्षणाची’ पॉलिसी. दुकानात कोणी पेरणी झाल्यावर बियाणं आणून दिलं तर तुम्ही काय म्हणाल?

एजंट म्हणाला ३० लाख मिळतील. विमा रक्कम १० लाख आहे. बोनस आजच्याच चालीने लागत राहिला तर १९ लाखांच्या आसपास हातात पडतील. तेही २० वर्षांत १२ लाख भरून. परतावा चार-सव्वाचार टक्के. पोस्टात गेला असतात तरी जास्त मिळाले असते.

तुम्ही लिहिलंय की आज मोडली तर शाखेत ४ लाख सांगतात, आणि भरलेत ५ लाख ४० हजार, ‘म्हणून मोडायचा प्रश्नच नाही’. हे १ लाख ४० हजार गेलेत. ठेवली तरी गेलेत, मोडली तरी गेलेत. बघायचं ते इथून पुढचं. आजचे ४ लाख आणि राहिलेले ११ हप्ते गुंतवून २०३७ ला १९ लाख मिळतात, असं धरलं तर पुढचा परतावा सव्वासात टक्के येतो. तो वाईट नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. असल्या पॉलिसीत मार पहिल्या काही वर्षांत बसतो आणि तो तुम्ही खाऊन झालाय.

तरीही मोडा म्हणतो. तुम्हाला पैसे लागणार २०२७ ते २०३२ या काळात. ते पॉलिसीत अडकले तर फीसाठी दहा टक्क्यांनी कर्ज काढाल. सव्वासात मिळवायला दहा मोजायचे, हा धंदा तुम्ही दुकानात करणार नाही. दहावा हप्ता मार्चमध्ये आहे, तो भरू नका. शाखेत जाऊन सरेंडरची (आज मोडल्यावर मिळणारी) आणि पेड-अपची, दोन्ही रकमा लेखी घ्या. फोनवरच्या आकड्याला अर्थ नसतो. एरवी मी सांगतो की नवा विमा हातात आल्याशिवाय जुनी पॉलिसी मोडू नका. इथे ते लागू नाही, कारण या पॉलिसीत तुमचा विमा नाहीच.

तुमचा विमा वेगळा काढायचा. साधा टर्म, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा, एरवी परत न देणारा. ‘परत काहीच मिळत नाही हो’ असं तुमच्या मनात आलंच असेल. दुकानाच्या आगीच्या विम्याचे पैसे परत मिळत नाहीत म्हणून तुम्ही दुकानाला आग लागायची वाट बघत नाही ना?

किती रकमेचा? बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे दुकानासाठीची कर्जमर्यादा, ८ लाखांची आहे, राहतं घर तारण. दोन्ही मुलांच्या शिक्षणाचे १४ लाख धरू. घरखर्च महिना २५ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख. पंधरा वर्षांचे ४५ लाख. बेरीज ६७. तर ७० लाखांचा घ्या, वयाच्या ६५ पर्यंत. तब्येत ठीक असेल तर वर्षाला २० ते २५ हजार पडतील. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही गेलाय. तुमच्या विवरणपत्रावर ७० लाख मिळायला हवेत. उत्पन्न कमी दाखवायची आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची हौस इथे नडते, तुमच्यात फरक थोडाच आहे हे चांगलं. तंबाखू खात असाल तर फॉर्मवर तसं लिहा. हप्ता वाढेल. पण लपवलंत तर वहिनींना दावा नाकारल्याचं पत्र येईल आणि ते वाचायला तुम्ही नसाल.

अजून एक. ही पॉलिसी विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या. कायदा १८७४ चा आहे, आजही लागू आहे. प्रस्ताव भरतानाच त्याचा वेगळा फॉर्म जोडावा लागतो, नंतर जोडता येत नाही. त्याने दाव्याचे पैसे पत्नी-मुलांचेच राहतात, तुमच्या देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. कंपन्यांचा उधार माल घेणाऱ्या दुकानदाराला याची जेवढी गरज आहे तेवढी नोकरदाराला नाही.

तुम्ही लिहिलंय की गावात ६ लाखांची उधारी आहे, ‘ती तर येणारच’. तुम्ही असाल तर येईल. माझ्याकडे तुमच्यासारख्याच एका दुकानदाराच्या पत्नी आल्या होत्या, नवऱ्याच्या माघारी, उधारीची वही घेऊन. वहीत नोंदी अशा : ‘लिंबाखालचा तुकाराम १४,०००’, ‘पाटलाचा धाकटा, दोन बॅगा’, ‘भावजी, मागचं धरून’. कोण भावजी, मागचं म्हणजे किती, हे एकाच माणसाला माहीत होतं. सोयाबीन विकली गेली, तूर विकली गेली, वसूल झाले ते चौथ्या हिश्श्याहून कमी. तेव्हा या आठवड्यात वहीत पूर्ण नाव, मोबाइल नंबर आणि सही घ्यायला सुरुवात करा. काही गिऱ्हाइकं तोंड वाकडं करतील.

एफडीकडे येतो. ती बँकेत नाही, मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या) पतसंस्थेत आहे, साडेबारा टक्क्यांनी. बँकेत साडेसहा मिळाले असते, म्हणजे ३ लाखांवर वर्षाला १८ हजार जास्त. महिन्याचे दीड हजार. त्या दीड हजारासाठी ३ लाख पणाला लागलेत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्थेला ते नाही, मल्टिस्टेटलाही नाही. या संस्थांचा निबंधक दिल्लीत बसतो. बंद शटरपुढे पावत्या घेऊन उभी असलेली माणसं गेल्या काही वर्षांत मराठवाड्याने पुरेशी बघितली आहेत; त्यांनाही ‘चेअरमन आपल्या ओळखीचे’ एवढीच हमी होती. मुदतीआधी मोडल्याचा दंड बसेल, बसू द्या. पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत आणा.

राहिली ‘नाममात्र’ फी. राष्ट्रीय विधी विद्यापीठांत वसतिगृहासह वर्षाला ३ लाखांच्या आसपास लागतात, काही ठिकाणी जास्त. पाच वर्षांचे १५ लाख. पॉलिसी आणि एफडी मोडून आलेल्यातले ५ लाख घातले तरी वर्षाला २ लाखांप्रमाणे १० लाख कर्ज. शिकत असतानाचं आणि नंतरच्या एका वर्षाचं व्याज धरून ते १४ लाख होतं, आणि दहा वर्षांचा हप्ता महिना साडेअठरा हजार. संस्था ‘पीएम विद्यालक्ष्मी’च्या यादीत असेल तर ८ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना हप्ते सुरू होईपर्यंतच्या व्याजात ३ टक्के सूट आहे. त्याने भार हलका होतो, नाहीसा होत नाही.

हा हप्ता कोण फेडणार? तुम्ही लिहिता, ‘न्यायाधीश झाली की फेडेल.’ मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तरावरच्या न्यायाधीश पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. म्हणजे २०३२ ला पदवी, २०३५ ला लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यायला पात्र. हप्ता सुरू होतो २०३३ ला. तेव्हा ती कोणत्यातरी वरिष्ठांकडे ज्युनिअर असेल, आणि जिल्ह्याच्या कोर्टात ज्युनिअरच्या हाती पेट्रोलचे पैसे पडले तरी खूप. ज्या मोठ्या पॅकेजच्या बातम्या तुम्ही वाचता ती कॉर्पोरेट फर्ममध्ये जाणाऱ्यांची असतात. मुलीला तर तिथे जायचंच नाही.

आणि न्यायाधीश व्हायला राष्ट्रीय विद्यापीठाचीच पदवी लागते असं नाही. पुण्याचं आयएलएस, मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय, छत्रपती संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे, इथे पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो. ती बारावीनंतर असते, मराठीतूनही देता येते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. शिवाय जुलै २०२४ पासून, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि मुलगी आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी प्रवर्गातली असेल, तर केंद्रीभूत प्रक्रियेतून मिळालेल्या प्रवेशाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही. त्यात बसत असाल तर उत्पन्नाचा आणि प्रवर्गाचा दाखला प्रवेशाच्या वर्षी जूनच्या आधीच काढून ठेवा, जूनमध्ये तहसीलला रांग असते आणि तुमचा हंगामही तेव्हाच.

मग खर्च राहिला राहण्या-जेवणाचा, वर्षाला १ लाख १० हजार. पाच वर्षांचे साडेपाच लाख. पॉलिसीचे ४ आणि एफडीचे ३ मिळून ७. दीड लाख अडीअडचणीला बाजूला, उरले साडेपाच. कर्ज शून्य. हप्त्याचे ६० हजार वाचले, त्यातले २५ टर्मला, ३५ मुलासाठी.

‘क्लॅट’ देऊच नका असं मी म्हणत नाही. संभाजीनगरला कांचनवाडीत महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, तिथे राज्यातल्या मुलांना राखीव जागाही आहेत. फॉर्मचे ४ हजार घालवायला हरकत नाही. पण त्या पेपरचं स्वरूप बघा. दोन तास, १२० प्रश्न, पाव गुणाची वजाबाकी, सगळं इंग्रजीत. साडेचारशे शब्दांचा उतारा आणि त्यावर प्रश्न, असे उताऱ्यावर उतारे. कायदेविषयक भागालाही कायदा पाठ असावा लागत नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो प्रसंगाला लावायचा. परीक्षा वाचायच्या वेगाची आहे, आणि वाचायची सवय पुण्याला अडीच लाखांत लागत नाही. तुम्ही गमतीने लिहिलंय की जिंतूरला इंग्रजी पेपर दुपारच्या एसटीने येतो. तो लावा, महिन्याला अडीचशे रुपये. उरलेल्यासाठी ऑनलाइन क्लास आणि सराव परीक्षा ३०-३५ हजारांत होतात.

पुण्याचा हट्ट तरीही असेल तर आधी एक करा. ‘क्लॅट’ घेणाऱ्या विद्यापीठांच्या कन्सॉर्टियमच्या (संघाच्या) संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका फुकट आहेत. एक छापून घ्या. रविवारी दुकानामागच्या खोलीत लेकीला घड्याळ लावून दोन तास बसवा, फोन तुमच्या गल्ल्यात. वजाबाकी धरून ५० च्या वर गुण आले तर मला कळवा, पुण्याचं पुन्हा बोलू. टर्मच्या वैद्यकीय तपासणीची तारीखही त्याच पत्रात लिहा.