वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात बासरीवादनासाठी कंडेन्सर माइक लावून त्याचा आवाज गिटारच्या डिले पेडलमधून (आवाज प्रतिध्वनीसारखा थोडा उशिरा पुन्हा ऐकवणाऱ्या) नेता येईल का?

नेता येईल, मात्र माइकची केबल थेट पेडलला जोडून चालणार नाही. कंडेन्सर माइकला बहुधा 48 व्होल्टची फँटम पॉवर (माइकच्या केबलमधूनच मिळणारी वीज) लागते, ती गिटारचे पेडल देत नाही. शिवाय माइकचा सिग्नल क्षीण आणि बॅलन्स्ड (खरखर टाळण्यासाठी दोन तारांतून जाणारा) असतो, तर पेडल गिटारच्या अनबॅलन्स्ड सिग्नलसाठी बेतलेले असते. त्यामुळे फँटम पॉवर देणारा आणि क्षीण सिग्नल वाढवणारा प्रीअँप, त्याची वाढलेली (लाइन) पातळी गिटारइतकी उतरवणारा रीअँप बॉक्स, मग पेडल आणि शेवटी सिग्नल पुन्हा बॅलन्स्ड करणाऱ्या डीआय बॉक्समधून मिक्सर, असा क्रम लावावा लागतो.

माझ्या मते याहून सोयीचे म्हणजे माइक सरळ मिक्सरला देऊन पेडलला ऑक्स सेंडवरून (मिक्सरमधून सिग्नलची प्रत बाहेर पाठवणारी वाट) बेताचा सिग्नल पाठवावा आणि तो वेगळ्या चॅनेलवर परत घ्यावा. मूळ बासरी स्वच्छ राहते आणि पेडल ऐनवेळी रुसले तरी कार्यक्रम अडत नाही. परतीच्या चॅनेलवर तोच ऑक्स शून्यावर हवा, नाहीतर आवाज फिरत राहून शिट्टी मारू लागेल. शेजारी तबला असेल तर त्याचे बोलही डिलेत घुसतात, म्हणून कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) माइक घ्यावा, तो फुंकेच्या झोतापासून जरा बाजूला लावावा आणि मॉनिटर (कलाकाराला ऐकू येण्यासाठीचा स्पीकर) माइकच्या पाठीकडे ठेवावा. फँटम पॉवर चालू-बंद करताना चॅनेल म्यूट करावा.